बाकी एक

तार्तू. रात्रपाळी. एमायोगी नदी काठापर्यंत गोठलेली,
आणि यंत्राच्या खोलीत एवढं उकडतंय
की हेल्वे राउद स्वेटर काढून खुर्चीला अडकवते,
भोकं पाडलेली फीत बोटांनी चाचपते,
अंधारात ओळखीचा चेहरा चाचपावा तशी.

पाचशे एकसष्ट, ती म्हणते. विचार त्याला.

मी दोननं विचारतो.
दोनचा पाचशे साठावा घात, भागिले पाचशे एकसष्ट.
दिवे लुकलुकतात. बाकी एक.
पाचनं विचारतो. बाकी एक.
सात. दहा. तेरा.
विचारणारा बदलतो, जबानी बदलत नाही.
मूळ संख्या, मी सांगून टाकतो,
एकोणीस वर्षांच्या खात्रीनं.

हेल्वे काळ्या पावाची चकती कापते.
तीननं विचारलंस?

बाकी तीनशे पंचाहत्तर.

मी फीत पुन्हा लावतो. पुन्हा तीनशे पंचाहत्तर.
तीन, अकरा, सतरा :
एवढा ताठ उभा होता, आणि आत तिघं
श्वास रोखून, एकमेकांचे हात धरून.
परक्या कुणाला तो सापडायचा नाही.
ज्यांच्या गुणाकारातून तो झाला
त्यांच्या गोतातल्यानं हाक मारली
तरच चुकतो.

माझा भाऊ एंडेल, ती म्हणते, आणि थांबते.
पंखा घरघरतो.
एकोणपन्नासच्या मार्चनंतर दुसऱ्याच्या नावावर जगला.
चार वर्षं. सहा कचेऱ्या. गावाचं नाव, आईचं नाव,
कुठल्या शाळेत, कुठल्या बाकावर,
सगळं बिनचूक. प्रत्येक टेबलावर
बाकी एक.

मग वाल्गाच्या फलाटावर, गर्दीत, पाठमोरा दिसला.
टोपी नवी होती, पण मान तीच.
माझ्या तोंडून निघून गेलं
त्याचं लहानपणचं नाव. घरातलं.
तो वळला.

पुढचं तिनं सांगितलं नाही.
पाव मीठ लावून खाल्ला, तुकडे माझ्याकडे सरकवले,
हाताला चिकटलेले कण झटकले.

सहाला खिडकी निळसर झाली.
नोंदवही उघडून मी विचारलं, काय लिहू?
संयुक्त, ती म्हणाली. तारीख घाल.
आणि स्वेटर डोक्यातून घालताना, आतूनच,
लोकरीत दबलेल्या आवाजात :
कशानं विचारलं ते
लिहू नकोस.