दोहा–बहरीन

सरळ रेषेत दीडशे किलोमीटरसुद्धा नाही.
ज्यूसच्या कपाचं झाकण सोलेस्तोवर
खाली मुहर्रकची धावपट्टी.

पण त्या वर्षांत ही रेषाच बंद होती.
सुमेधा बाळंत झाली
आणि मी डिंकाचे लाडू घेऊन
आधी मस्कतला गेले,
म्हणजे तिच्याकडे पाठ करून, लांब लांब.
पाच तास बाकड्यावर.
तपासणीत कुणीतरी डबा उपडा केला,
दोन लाडू फुटले, ते मीच खाल्ले.
मग आलेली वाट पुन्हा उलटी,
खिडकीतून दोह्याचे दिवे शोधत.

"उशीर केलास," ती म्हणाली,
जणू मी पलीकडच्या आळीतून येणार होते.

आता पाऊण तास.
भाचा दारातच अडवतो,
"तू मस्कतवाली मावशी ना?"