मिठाचा धाकटा भाऊ

ओब्दुलिया रात्रीत सात वेळा उठते.
खाटेखालचा पाच लिटरचा कॅन
उजाडताना कोरडा ठणठणीत.
तोकोनाओत टँकर येतो मंगळवारी,
सोमवारी ती शेजारणीच्या दारात उभी
बादली पाठीमागे धरून,
जणू चोरीच केली आहे.

मी खाऱ्या मैदानावर कामाला.
जमिनीखालचं खारं पाणी उपसायचं,
तळ्यांत पसरायचं,
आणि उन्हाच्या हवाली करायचं.
दीड वर्षात निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं,
मग तेलासारखं जड.
त्यात लिथियम.
तेच जग फिरून, पांढरी गोळी होऊन
माझ्या बहिणीच्या जिभेवर येतं
असं मी धरून चालतो.
मुकादम म्हणतो, खुळ्या, आपलं सगळं बॅटऱ्यांत जातं.

गोळीआधी तिनं तीन दिवस न झोपता
आमचं छप्पर रंगवलं, मग शेजाऱ्यांचं,
मग चार महिने भिंतीकडे तोंड.
गोळीनं घर निवलं.
तहान तेवढी मागे राहिली.

कालामाच्या डॉक्टर पालोमिनोस
पाकिटाच्या मागे एक नळी काढतात, वाकडीतिकडी.
"मूत्रपिंडात, पार शेवटच्या वळणावर,
सोडियमची दारं आहेत.
निघून चाललेलं मीठ शरीर इथून माघारी बोलावतं.
लिथियम मिठाचा धाकटा भाऊ, अंगानं हलका,
थोरल्याच्या रांगेत घुसतो.
आत साचला, की पेशींना
पाणी थांबवायचा निरोपच ऐकू येत नाही."

मी विचारलं, दारावर कुणीच नसतं?

त्यांनी लिहिलं: अमिलोराइड.
"हे दारातच जाऊन बसतं. बूच म्हणा.
पण थोरलाही अडतो, आणि पोटॅशियम चढतं,
लिथियमवरही डोळा ठेवायचा,
तेव्हा रक्त तपासायला न चुकता या."
न चुकता म्हणजे बसनं शंभरावर किलोमीटर.

तिसऱ्या आठवड्यात ती चारदा उठली.
मी झोपेचं सोंग घेऊन मोजत होतो.
काल पहाटे कॅनच्या तळाशी
चार बोटं पाणी.
ती तो खिडकीपाशी धरून
हलवून बघत राहिली बराच वेळ.

मग माझ्याकडे न वळताच म्हणाली,
"वेन्सेस्लाओ, तुमच्या तळ्यांतून
दिवसाला किती पाणी उडून जातं रे?"

आकडा मला पाठ आहे.
मी बूट शोधत राहिलो.