पंचवीस

रात्रीचे अडीच. सूरचा पाणीकारखाना.
नव्या प्रोसेसरवर जुना प्रोग्रॅम पहिल्यांदा उभा राहिला
आणि म्हणाला: समुद्रातून आत येणारं पाणी
सहा हजार चारशे अंश.

सूर्याची पाठसुद्धा इतकी तापत नाही.
मुसल्लम अल-अरैमीनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
चपला सरकवल्या, बाहेर गेला,
नमुन्याच्या नळाखाली मनगट धरून आला.
"बारिद." गार आहे.
मग भिंतीवरचा काचेचा तापमापक वाचला:
"खमसा व इशरीन."

जुनी चिप बनवणारी कंपनी बुडून आठ वर्षं झाली.
शेवटचे दोन बोर्ड शारजाच्या भंगारवाल्याकडून
किलोच्या भावानं आणले; एक आधीच मेलेला.
म्हणून हे बिऱ्हाड हलवणं: एक्केचाळीस हजार ओळी,
सगळ्या खांबेट्यांच्या. मी त्यांना कधी पाहिलं नाही.
फक्त एका फंक्शनच्या डोक्यावर
रोमन लिपीत त्यांचं मराठी:
इथे हात लावू नये. चालतंय.
साल सत्त्याण्णव.

हात न लावता चालत नाही आता, खांबेटे.

चहा केला. पंपांची घरघर.
खमसा व इशरीन. पाच आणि वीस.
जिभेवर घोळवत बसलो
आणि कप खाली ठेवला.
पंच.
वीस.

जुनी चिप थोरल्याला पुढे बसवायची,
लग्नाच्या पंगतीत बसवतात तसं.
नवी धाकट्याला आधी आत घेते.
खांबेट्यांनी धरून चाललं, थोरलाच पहिला येणार,
आणि एवढंसं पंचवीस
थोरल्याच्या पाटावर जाऊन बसलं.

शर्वाणी मस्कतच्या शाळेत दुसरीला.
पंचवीस सांगितलं की बावन्न लिहिते.
मागच्या महिन्यात मी वही आपटली.
तुम्हीच पाच आधी म्हणालात, बाबा.
उलट उत्तर नको, म्हणालो मी.

उलट उत्तर.

मुसल्लमला सांगितलं तर म्हणाला,
आमची अक्षरं उजवीकडून, आकडे डावीकडून,
आणि तोंडात पुन्हा धाकटाच आधी.
आम्हाला कोण वही आपटणार?
मला जोर आला, एकोणतीस समजावायला गेलो:
तीसच्या दारापर्यंत जायचं,
कडी वाजवायची, एक पायरी खाली उतरायचं.
त्यानं दोन्ही हात वर केले.

चार वाजता दोन बाइट फिरवले. एकच ओळ.
पडद्यावर पंचवीस.
मुसल्लम तरीही बाहेर गेला,
ओलं मनगट घेऊन परत आला, मग मान हलवली.

शेजारच्या खोलीत जुनं यंत्र
काही न कळता गावाला पाणी पाठवत होतं.
खांबेट्यांची सूचना मी खोडली नाही.
खाली लिहिलं: हात लावला.

असं थोरल्यावर विसंबून
चाळीस जागी वाचलंय त्यांनी.
मोजून ठेवल्यात.
राहिल्या एकोणचाळीस.