पुस्तकात नसलेलं

ओउलूत जानेवारी. तीनलाच अंधार.
वाचनालयाच्या तळघरात नकाशा पसरलेला,
वीस बाजूंचे फासे, गार कॉफी.

वेइयोने खिशातून घडी काढली.
घरी रचलेलं पात्र, चौकटीच्या वहीतलं :
दीपस्तंभाचा राखणदार.
तलवार नाही. विद्या एकच –
रात्रीतून एकदा, हरवलेलं कुणीही
किनाऱ्याला लागतं.
फासा न टाकता.

"न टाकता?" साइमी उसळली,
"मग आम्ही मरायचं कसं?
उद्या कुणी घरचा ड्रॅगन आणेल!"
मी माझे फासे उगाच मोजले.

खेळ चालवणारी रेत्ता. पुस्तक तिने उघडलंच नाही.
पेन्सिलीने 'रात्रीतून' खोडलं,
वर लिहिलं : 'आयुष्यात'.
कागद परत सरकवला.

वेइयो बघत राहिला त्या एका शब्दाकडे.
मग म्हणाला,
"एकदाच पुरलं असतं."