आउटर

वहीच्या पहिल्या पानावर अण्णांनी लिहून दिलं होतं,
शाईने, फूटपट्टी धरल्यासारखं सरळ:
खोटं बोलू नये.
एरंडोलच्या शाळेत फळ्यावरही तेच,
आणि एकदा माझ्या तळहातावर, छडीने.

भुसावळ. मे महिना. वॉर्डातला कूलर
गरम हवाच इकडची तिकडे करत होता.
सात नंबरला भिला धुडकू कोळी,
एकतीस वर्षं पॉइंट्समन,
आता श्वासाचाच सांधा बदलता येईना.

"सिस्टर, मना पोऱ्या निंघना का?"

पोऱ्या सुरतेला होता.
दुपारीच फोनवर म्हणाला होता, शांतपणे,
येणार नाही. मेल्यावरही नाही.
असतील त्याची काही कारणं.
मी विचारली नाहीत.

"निघाला," मी म्हणाले.

मग सुटका नव्हती.
म्हाताऱ्याला गाड्या तोंडपाठ.
ड्युटी रूममधलं वेळापत्रक काढून आणलं
आणि माझं खोटं वेळेवर चालवू लागले.
सव्वाअकराला नंदुरबार.
दोंडाईचा.
"आते कोठलोंग उनी?"
अमळनेर, बाबा.
धरणगावला पाच मिनिटं उशीर दिला,
खरं वाटावं म्हणून.
इतक्या प्रामाणिकपणे
मी आयुष्यात काही केलं नव्हतं.

जळगाव सोडलं तेव्हा दोन वाजून गेले होते.
पुढे फक्त भादली, आणि मग
फलाटावर कुणाला उतरवणार होते मी?

त्यानेच डोळे मिटून सांगितलं,
"आउटरले उभी व्हई.
सिग्नल नही भेटना व्हई. ऱ्हाऊ दे, माय."
आणि माझा हात थोपटला,
जणू आजारी मीच होते.

पहाटे पाचला गेला.

वही अजून आहे. अण्णांची ओळ खोडली नाही;
औषधांच्या रजिस्टरवर नको ती सही मागितली कुणी
तेव्हा दोनदा तिनेच मला सांभाळलंय.
खाली फक्त पेन्सिलने लिहिलंय:
बोललीसच, तर शेवटच्या स्टेशनापर्यंत सोबत जा.
शाईने लिहायची हिंमत अजून झालेली नाही.

महिन्याभराने तो पोऱ्या आला,
वॉर्डाच्या दारातच उभा राहिला, चप्पल हातात घेऊन.
त्याला मात्र सगळं खरं सांगितलं, स्टेशनांसकट.
बराच वेळ गप्प होता.
मग एवढंच म्हणाला:
धरणगावला उशीर का केला?