जो कोणी धारक असेल

ग्रंथालयात झेरॉक्सच्या यंत्रापाशी माझी खुर्ची.
दहा सेंटला एक पान.
व्हर्लीन स्टब्ज आली तेव्हा टोलेडोतला रस्त्याकडेचा बर्फ
काळा पडला होता, आणि तिच्या हातात
चौदा पानांचा करार,
एका कोपऱ्यावर कॉफी सांडून कडक झालेला.

इस्पितळाच्या धुलाईघरात तिची रात्रपाळी.
पहाटे अडीचला बस नसते, म्हणून गाडी.
रुपेरी मालिबू, एक लाख बारा हजार मैल पळालेली.
आवारात प्लास्टिकच्या पताका फडफडत होत्या
आणि टॅनर नावाच्या पोराने तिला मॅडम म्हटलं.
"वीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं," ती म्हणाली,
"अर्धी सही तर मी तिथंच करून टाकली."

उरलेली अर्धी आतल्या खोलीत,
जिथे पेपरमिंटची वाटी असते आणि घड्याळ नसतं.
किंमत कुणी उच्चारलीच नाही.
तीनशे एकोणचाळीस, तीनशे एकोणचाळीस,
जणू ते तिचंच नाव.
बहात्तर महिने. चोवीस टक्के.
शिवाय अडीचशे डॉलर, कशाचे?
तर हेच कागद छापल्याचे.

तिसऱ्या आठवड्यात चेरी स्ट्रीटच्या सिग्नलला
गाडी नुसतीच गुरगुरली, पुढे सरकेना.
ढकलायला दोन अनोळखी माणसं उतरली.
त्यांचे आभार मानायचे राहून गेले,
हे ती मला दोनदा म्हणाली.

टॅनर म्हणाला, करार आम्ही विकून टाकला, बँकेशी बोला.
बँक म्हणजे दुसऱ्या राज्यातली एक टपालपेटी
आणि फोनवर ताटकळताना वाजणारा सॅक्सोफोन.
बँक म्हणाली, आमचा संबंध पैशाशी,
गाडीचं विक्रेत्याला विचारा.
एकाने हात वर केले, दुसऱ्याने कानांवर ठेवले,
चारही हात असे गुंतलेले,
आणि हप्त्यासाठी पाचवा पुढे आलाच.

कायद्याचा सल्ला देऊ नये, असं आम्हाला लेखी बजावलेलं आहे.
वाचून दाखवायला मनाई नाही.
मी वाचत गेले. मुंगीएवढं अक्षर, मुंगीएवढं अक्षर,
आणि अकराव्या पानावर एकाएकी ठळक, मोठं,
कुजबुजणाऱ्या खोलीत कुणी खुर्ची सरकवून उभं राहावं तसं:

*या कर्जकराराचा जो कोणी धारक असेल,*
*विक्रेत्यापुढे जे दावे, जे बचाव कर्जदाराला मांडता आले असते*
*त्या सर्वांना तो धारकही बांधील राहील.*

"म्हणजे?"
म्हणजे काय, हे मी सांगायचं नव्हतं.
मी पुन्हा वाचलं, सावकाश,
'जो कोणी'पाशी जरा जास्तच थांबले.
तिने चष्मा काढला, स्वेटरच्या बाहीला पुसला.
"म्हणजे त्यांनी कागद विकला
तेव्हा माझी तक्रारही विकली. त्याच किमतीत."
मी यंत्राचं झाकण उघडून काच पुसत बसले.
काच स्वच्छच होती.

मग पर्सच्या तळातून तिने टॅनरचं कार्ड काढलं.
पाठीवर निळ्या शाईत: ट्रान्समिशन नवीन बसवलंय. टी.
"यात मी च्युइंगगम गुंडाळून फेकणार होते."
दोन्ही बाजूंच्या प्रती, वीस सेंट.
मी ते घेतले नाहीत. हे आपल्यातच राहू दे.
भिंतीवर पत्रक होतं:
गुरुवारी दुपारी तळघरात वकील, मोफत.
बोट दाखवायलाही मनाई नाही.

मार्चअखेर ती पुन्हा आली.
पोचपावती परतली होती, हिरवी, पोस्टाच्या शिक्क्यासह,
सही अशी की कोंबडीने पाय पुसले असावेत.
उत्तर अजून नाही. वकीलबाई म्हणाली, येईल,
आणि तोवर मला न विचारता हप्ता थांबवू नका.
"ही सही कुणाची असेल?" मी विचारलं.
"जो कोणी धारक असेल त्याची," व्हर्लीन म्हणाली,
आणि इतकी हसली
की वर्तमानपत्र वाचणारे दोन म्हातारे वळून बघू लागले.

पावतीची प्रत नीट घडी करून
तिने कोटाच्या आतल्या खिशात घातली.
चार दहाची बस होती.
मालिबू अजून अंगणातच आहे.
पाच तारखेला हप्ता.