चौथीचा वर्ग

मेयोतल्या कंपाउंडरनं गोळ्यांच्या खोक्याचं पुठ्ठं फाडून
पत्ता लिहून दिला होता.
तो खिशात अकरा दिवस फिरला,
एकदा चंद्रकलेनं शर्टासोबत धुतलासुद्धा.
शाई पसरली, तरी गड्डीगोदाम वाचता यायचं,
आणि साडेसात.

देशीचं दुकान मला अमावस्येलाही सापडायचं,
डोळे मिटून, एका चपलेत.
ही शाळा तीनदा चुकली.
पहिल्यांदा कुणाच्या साक्षगंधाच्या मांडवात शिरलो,
हातात सरबत आलं, पिऊन निघालो.
दुसऱ्यांदा पानठेल्यावर विचारलं,
"लाइट बिलाचा काही कँप आहे का इथं?"
खर्रा घोटता घोटता पोट्टं म्हणालं, "नाही बा."
तिसऱ्यांदा फाटकाशीच थांबलो,
सायकलची न उतरलेली साखळी
पुन्हा पुन्हा चढवत.
चौकीदारानं काही विचारलं नाही.
हनुवटीनं दाखवलं फक्त, वरती.

चौथीचा वर्ग. शाळेला सुट्ट्या,
फळ्यावर एप्रिलची तारीख तशीच,
पट एकेचाळीस, हजर बत्तीस.
बाकं इतकी लहान की गुडघे छातीला,
मोठाले बाप्ये, एक बाई,
सगळे शिक्षा झाल्यासारखे बसलेले.
कूलर नुसता घरघरत होता, पाणी ओढत नव्हता.
आधी तेच कळलं मला. पंप जाम.
वीस वर्षं लोकांचे कूलर दुरुस्त केले,
आणि त्यांच्याच टाकीत, खसच्या ओल्या वासाखाली,
माझी क्वार्टर लपवली. थंड राहते.

"नाव सांग. आडनाव नको."
गुणवंता, मी म्हणालो,
आणि हसण्यासाठी त्यांना जागा सोडली.
कोणी हसलं नाही.
पुढचं वाक्य सुटेना.
गंजलेला स्क्रू असतो तसं,
पेचकस फिरतो, डोकं झिजतं,
स्क्रू तिथंच.
मार्टिनभाऊ म्हणाले, "राहू दे. चहा घे."
माझे हात पाहून त्यांनी कप अर्धाच भरला.
त्या दिवशी एवढंच झालं.

तान्ह्या पोळ्याला इतवारीत मारबत निघते.
बारा वर्षं मी बडग्याच्या गाड्यापुढं नाचलो,
तर्र, शर्ट कमरेला बांधून,
"रोगराई घेऊन जाय गे मारबत!
ढेकूण-डास घेऊन जाय गे मारबत!"
नेले असतील तिनं डास.
मला दरवर्षी नालीच्या काठावर ठेवून गेली.
इथं कोणी कशाला घेऊन जा म्हणत नाही.
इथं म्हणतात, बस.
म्हणतात, सरक रे जरा, याला बसू दे.

रूपरावाला नऊ वर्षं झाली होती.
तो बोलायचा तेव्हा मी त्याच्या चपलांकडं बघायचो,
काय पॉलिश! नऊ वर्षांनी असं होत असेल, वाटायचं.
जुलैत तो यायचा थांबला.
कामठी रोडला दिसला म्हणे,
एका चपलेत.
त्या संध्याकाळी कोणी फार बोललं नाही.
कुंदाताईंनी रोजच्यासारखी पर्स
शेजारच्या बाकावर ठेवली नाही,
मांडीवर घेऊन बसल्या.

घरी चंद्रकला अजून दारातच
माझ्या तोंडाजवळ येऊन श्वास घेते.
पूर्वी एवढ्यावरून हात उगारायचो.
आता उभा राहतो, तोंड उघडून,
डॉक्टरसमोर राहावं तसा.
चौऱ्याऐंशी दिवस.
तिचा विश्वास बसला नाही. माझा तरी कुठं.

परवा कूलर झाकून ठेवायचा म्हणून
वर्गातली टाकी रिकामी करायला घेतली.
हात आत गेला, आणि सवयीनं
तळ चाचपून आला, कोपऱ्यापर्यंत.
गाळ होता. बोटभर पाणी.
आणि कुण्या पोट्ट्यानं टाकलेला
एक खडू.
तो फळ्याच्या कट्ट्यावर
वाळत ठेवला.